लक्ष्मीचे पाय

"प्रिंट म्हणजे झेरॉक्सच ना?" हे इतक्यांदा ऐकून झालंय की आता मी उत्तर देत बसत नाही, सरळ हातात भिंग देते. अलीकडच्या कॅलेंडरवरचा गणपती भिंगाखाली धरला की त्याचे निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके होतात, शाळेच्या कवायतीसारखे रांगेत उभे. जुन्या शिळाछापात, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून घेतलेल्या छापात, ही रांग नसते. तिथे दगडाचा दाणा दिसतो, ठिपके असले तरी कुणीतरी हाताने घातलेले, कमीजास्त. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद बसवताना केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा लाल रंग ओठ सोडून हनुवटीवर उतरतो. माझा जीव अशा चुकलेल्या प्रतींवर जास्त.

साताऱ्यात मी कागदाची दुरुस्ती करते. पोथ्या, जमिनीचे नकाशे, चित्रं, जे येईल ते. सध्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयाचं काम हातात आहे. तिथे दोन प्रदर्शनं एकाच दिवशी उघडायची आहेत. वरच्या दालनात जुने छाप: पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याचे, रविवर्मा प्रेसचे, त्यानंतरची कॅलेंडरं. खालच्या दालनात आजच्या चित्रकारांचं काम. जुने छाप आसपासच्या घरांतून मागवलेत. तसबीर आली की उघडायची, फोटो काढायचे, मोजायचं, नोंद करायची. हे चित्रं बघत बसायचं सुखाचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तसबिरीची पाठ उघडावी. कसर, पालीची अंडी, खोक्याच्या फळ्या, फळ्यांच्या गाठींतून कागदावर उतरलेले तपकिरी पट्टे, आणि वर फ्रेमवाल्याने हौसेने मारलेली चिकटपट्टी. ती काढायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो पाच तसबिरी करून मोकळा होतो.

कोरेगाव तालुक्यातल्या एका आजींची लक्ष्मी आली ती गोधडीत गुंडाळून, पुतण्याच्या मोटारसायकलवरून. हे चित्र तुम्ही पाहिलेलंच आहे. कमळावर उभी देवी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. रविवर्म्याचं मूळ तैलचित्र १८९६ चं. आजींच्या प्रतीवर खालच्या कडेला प्रेसच्या नावासोबत कार्ला वाचता येत होतं. म्हणजे १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना कार्ल्याच्या लेण्यांजवळ मळवलीला हलवल्यानंतरची प्रत. देवीच्या साडीवर घरातल्याच कुणा बाईने जर आणि टिकल्या शिवलेल्या. टाके इतके बारीक की सुईची भोकं मागून उजेड धरल्यावरच दिसली. आणि पावलांवर कुंकू. पुटंच्या पुटं. काच केव्हातरी फुटली, ती कुणी बसवली नाही, तेव्हापासून बोट थेट कागदावर.

संग्रहालयाच्या सरांना ही लक्ष्मी पोस्टरवर हवी होती. "मॅडम, पाय तेवढे स्वच्छ करून द्या." सर माणूस चांगला आहे, पण जुनी वस्तू जुनी दिसली की त्यांना ती कुणाची तरी हयगय वाटते.

आता कुंकू पुसणं म्हणजे काय, ते सांगते. घरचं जुनं कुंकू हळदीला चुना किंवा तत्सम खार देऊन लाल केलेलं. त्यावर लिंबू पिळलं तर ते पुन्हा पिवळं पडतं. बाजारातलं गुलाबी कुंकू बहुतेक वेळा रंगाचं, पाण्याचा थेंब लागला की धावत सुटतं आणि कागदाच्या तंतूंत जाऊन बसतं, ते मग निघत नाही. आजींच्या लक्ष्मीच्या पायांवर दोन्ही होतं, खाली गडद, वर गुलाबी. ओला बोळा नुसता टेकवला तर लगेच गुलाबी झाला. म्हणून पाणी बंद. सूक्ष्मदर्शकाखाली, कोरड्या पात्याने, डाव्या अंगठ्याच्या कडेला मोहरीएवढी जागा मोकळी केली.

खाली अंगठा नव्हता. कोरा कागद होता. मग आणखी दोन जागी तपासलं, तिथेही तेच. आधी व्हार्निश गेलं, मग एकेक रंग, शेवटी रेषाही गेली. इतक्या वर्षांच्या बोटांनी पाय पुसून नेले होते. जो आकार लांबून पाय म्हणून दिसत होता, तो नुसत्या कुंकवाचा होता. सरांनी सांगितलं तसं स्वच्छ केलं असतं तर पाय नसलेली लक्ष्मी हातात आली असती.

त्याच दुपारी कराडची एक मुलगी खालच्या दालनासाठी तिचे लाकूडछाप घेऊन आली होती. ऊसतोडीचे मोठे काळे छाप, प्रत्येकाखाली पेन्सिलीने ३/१२ असा आकडा, म्हणजे बारांतली तिसरी प्रत. तिने सूक्ष्मदर्शकात डोळा घातला, बराच वेळ काढला नाही. "ताई, ही दगडावरून निघाली तेव्हा इतर प्रतींसारखीच होती. आता हिच्यासारखी दुसरी नाही." मी वीस पानी अहवालात जे म्हणू शकले नसते ते तिने टेबलाशी उभं राहून म्हटलं. सर म्हणाले, मग पोस्टरवर दुसरी प्रत घेऊ. पुण्याच्या एका संग्राहकाकडून स्वच्छ प्रत आलीच होती, तीच छापली. छान दिसते. (दालनात कागदासाठी उजेड ५० लक्सच्या वर नको, लक्स हे उजेडाचं माप, म्हणून वायरमनशी माझं रोज भांडण. "अंधारात कोण बघणार?" खालच्या दालनात चकाकीत सगळं बघायची सवय झालेल्यांना वर डोळे स्थिरावू द्यावे लागतील, त्याला माझ्याकडे उपाय नाही.)

आजींना फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं, त्यांना बोलावून घेतलं. पुतण्या सोबत. पडद्यावर मोठं करून तो कोरा ठिपका दाखवला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, वाकून बघितलं.

"पाय झिजलं व्हय?"

"हो आजी. कुंकू काढलं तर काहीच उरणार नाही."

"मंग काढतीस कशापायी?"

मी म्हटलं, काढत नाही. आहे तसंच ठेवते, सुटणारे कण बसवते, समोर काच घालते, कागदाला टेकणार नाही अशी.

"काच घातल्याव कुकू कुठं लावू?"

साताऱ्यातल्या ओळखीच्या सुताराकडून मी चौकटीच्या खालच्या पट्टीवर, पायांच्या बरोबर खाली, पितळेची छोटी पट्टी बसवून घ्यायचं ठरवलंय. त्यावर लावा म्हटलं. आजींनी मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकलं, मला कळलं नाही. मग त्यांनी विचारलं ते करारात कुठेच बसत नव्हतं: मार्गशीर्षातल्या गुरुवारी देवी घरी असंल न्हवं? प्रदर्शन नेमकं मार्गशीर्षात. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, वस्तू मध्येच बाहेर नेता येत नाही, विम्याचं काय? विम्याचं बरोबरच आहे. दर गुरुवारी गोधडीतून जाऊन परत आली तर महिनाभरात तिचे उरलेसुरले रंगही जातील. पण ती घरी परत गेली आणि तिथे पुन्हा काच निघाली, तर मी कण बसवून काय साधलं? आणि परत गेलीच नाही, तर ती कशाची राहिली?

निघताना पुतण्या मागे रेंगाळला. "मॅडम, ही एकच आहे म्हणताय म्हटल्यावर किंमत असंल की. संग्रहालय घेतंय का?" सरांच्या कानावर गेलं असतं तर त्याच संध्याकाळी खरेदी समितीला पत्र गेलं असतं, म्हणून मी अजून त्यांना बोललेले नाही. करारात परतीच्या तारखेचा रकाना रिकामा आहे, उद्घाटन जवळ आलंय. तारीख आजींना विचारूनच घालायची, असं मी ठरवलंय. दोनदा फोन केला. आजींचा फोन पुतण्याच उचलतो.