भजनी मंडळाचा रेकॉर्डिंग पीसी : ‘पर्मिशन डिनाइड’चं काम कुठवर आलं

खंजिरी, तबला, हार्मोनियम आणि गाणारे, असे चार ट्रॅक एकाच वेळी घ्यायचे म्हणून उबुंटू २४.०४ (लिनक्स) टाकलेला जुना डेस्कटॉप तयार होतो आहे. ऑडॅसिटी आणि आर्डर ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर आणि आवाज इकडून तिकडे नेणारं जॅक बसलं, आवाज येतो आहे. ही नोंद फक्त परवानगीच्या एररपुरती. वडसा-देसाईगंजकडे दंडार, खडी गंमत रेकॉर्ड करणारे असोत की मोझरीकडे खंजिरी भजनं घेणारे, या वाटेला लागलेल्या प्रत्येकाला हेच एरर भेटतात, आणि सल्ला एकच मिळतो: ‘सुडो लाव, नाहीतर ७७७ मार’. सुडो म्हणजे आदेश रूट (मशीनचा सर्वाधिकारी यूजर) म्हणून चालवणं, ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. न बघता वापरले तर या दोन्हींनी चांगलं मशीन बिघडतं. एररच्या ओळीत कोणती फाइल आहे, ती कोणाच्या मालकीची आहे, एवढं ‘एलएस -एल’ने आधी पाहा. परवानगी द्यायची ती तेवढ्याच जागी.

सुरुवात पॅकेजपासून, म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्यापासून; एपीटी आणि डीपीकेजी ही ते बसवणारी साधनं. ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’ ही लॉकची फाइल उघडता आली नाही असा एरर आला की कंसातला आकडा वाचा. १३ असेल तर परवानगी नाही, म्हणजे ‘एपीटी इन्स्टॉल’च्या आधी सुडो राहिला. ११ असेल, किंवा लॉक दुसऱ्या प्रोसेसने धरल्याचं लिहिलं असेल, तर परवानगीचा प्रश्नच नाही. दुसरा कोणीतरी, बहुतेक वेळा आपोआप चालणारं अपडेट, कुलूप धरून बसलेला आहे. ते संपेपर्यंत थांबा. लॉकची फाइल पुसून टाकायचा उपाय सगळीकडे सापडतो, तो करू नका. दोन इन्स्टॉल एकमेकांवर चढले तर पॅकेजची नोंदवहीच बिघडते.

इन्स्टॉल चालू असताना लाइन गेली, तर पुढच्या वेळी डीपीकेजी अर्धवट राहिल्याचा निरोप येतो. तेव्हा ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (ए लहान) चालवा आणि मग ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’ (एफ लहान). उन्हाळ्यात भारनियमनाच्या वेळा बघूनच मोठं अपडेट लावा. इन्व्हर्टर असला तरी त्याची बॅटरी मोठ्या डाउनलोडच्या भरवशावर सोडू नका.

नेट गावात नीट चालत नाही म्हणून तालुक्याच्या ठिकाणाहून पॅकेजची .डेब फाइल उतरवून आणणारे बरेच आहेत. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ./फाइलचं-नाव.डेब’ करताना शेवटी एक ओळ येते: डाउनलोड सँडबॉक्सविना (बंदिस्त कप्प्याविना), रूट म्हणून झालं, कारण ‘_एपीटी’ नावाच्या यूजरला फाइल वाचता आली नाही, आणि पुढे तोच १३ आकडा. घाबरू नका, पॅकेज बसलेलं असतं. उबुंटू २१.०४ पासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे परक्या यूजरला दार बंद, त्यामुळे ‘_एपीटी’ला तुमच्या डाउनलोड्समध्ये डोकावता येत नाही. फाइल ‘/टीएमपी’मध्ये नेऊन तिथून बसवली की ही ओळ येत नाही. होमची परवानगी सैल करायची गरज नाही.

पेनड्राइव्हवरून थेट इन्स्टॉलर चालवू नका. पेनड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या एफएटी३२ फॉरमॅटमध्ये लिनक्सची एक्झिक्यूट (फाइल चालवण्याची) परवानगी ठेवायची जागाच नाही. ‘सीएचमोड +एक्स’ (ती परवानगी देणारा आदेश) दिलं तर एररही येत नाही आणि काही बदलतही नाही, माणूस उगाच चकतो. आर्डरची .रन फाइल किंवा अॅपइमेज (न बसवता चालणारी एकच फाइल) होममध्ये कॉपी करा आणि तिथे +एक्स द्या. अॅपइमेज तरीही ‘फ्यूज’ मागत असेल, तर ते परवानगीचं नाही, २४.०४वर ‘लिबफ्यूज२टी६४’ बसवा. ऑडॅसिटी स्नॅपमधून (उबुंटूचा दुसरा, बंदिस्त पॅकेज-प्रकार) घेतली असेल आणि तिला पेनड्राइव्ह दिसत नसेल, तर ‘सुडो स्नॅप कनेक्ट ऑडॅसिटी:रिमूव्हेबल-मीडिया’. माइकसाठी ‘ऑडिओ-रेकॉर्ड’ हेही वेगळं जोडावं लागतं. आम्ही स्नॅप काढून एपीटीची आवृत्ती ठेवली. इतक्या कड्या उघडत बसण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे ‘सुडो ऑडॅसिटी’. एकदा तसं उघडलं की होममधल्या .कॉन्फिगच्या आत रूटच्या मालकीच्या फाइली तयार होऊ शकतात. दुसऱ्या वेळी साध्या यूजरने उघडलं तर सेटिंग जपली जात नाही, किंवा सुरूच होत नाही. मग माणूस पुन्हा सुडो लावतो आणि गुंता वाढत जातो. घरातल्या रूटच्या फाइली शोधायला ‘फाइंड ~ -यूजर रूट’. सापडल्या की फक्त त्या फोल्डरवर ‘सुडो सीएचओन -आर’ (मालक बदलणारा आदेश, आर कॅपिटल), पुढे आपलं नाव दोनदा, मधे विसर्गासारखे दोन ठिपके, आणि फोल्डरचा पत्ता. प्लगइनसाठीही सुडो लागत नाही: होममध्ये .एलव्ही२ किंवा .व्हीएसटी३ नावाचं फोल्डर करून त्यात टाका, आर्डर तिथेही बघतो. सोर्समधून बांधत असाल तर कॉन्फिगर करतानाच प्रीफिक्स (कुठे बसवायचं तो पत्ता) होममधल्या ‘.लोकल’चा द्या, म्हणजे ‘मेक इन्स्टॉल’ /यूएसआर/लोकलवर जाऊन अडत नाही.

आता रिअलटाइमचं, म्हणजे आवाजाचं काम ठरल्या वेळात उरकण्याचं. आर्डर उघडताना ‘लॉक करता येणाऱ्या मेमरीला मर्यादा आहे’ असा इशारा येतो, आणि खंजिरीच्या थापेवर तडतड ऐकू येते. साउंडकार्ड दिसत असतं, आवाज येत असतो, म्हणून इथे परवानगीचा संशय कोणालाच येत नाही. ४८,००० हर्ट्झवर २५६ फ्रेमचा बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) म्हणजे ५.३ मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकायला प्रोसेसला वरचा प्राधान्यक्रम लागतो, आणि तो मागायची मुभा साध्या यूजरला नसते. ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर -पी हाय जॅकडी२’ चालवून प्रश्नाला ‘हो’ म्हणा. त्याने /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी मधली ऑडिओ.कॉन्फ चालू होते. तिच्यात दोन ओळी महत्त्वाच्या: ऑडिओ ग्रुपला आरटीप्रायो (प्राधान्यक्रम) ९५ आणि मेमलॉक (लॉक करता येणारी मेमरी) अनलिमिटेड.

मग यूजरला त्या ग्रुपात घाला: ‘सुडो यूजरमॉड -एजी ऑडिओ’ आणि पुढे यूजरचं नाव. ए लहान, जी कॅपिटल. हा लहान ए विसरला तर यूजर बाकीच्या सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडतो, सुडोच्या ग्रुपातूनही, आणि मग रिकव्हरी मोडमध्ये जाऊन त्याला परत आत घ्यावं लागतं. आदेश देण्याआधी ओळ मोठ्याने वाचा.

घातलं तरी लगेच फरक पडत नाही. नुसतं ‘ग्रुप्स’ दिलं की चालू सेशनचे ग्रुप दिसतात. ‘ग्रुप्स’पुढे नाव दिलं की नोंदवहीतले दिसतात. दुसऱ्यात ऑडिओ आहे आणि पहिल्यात नाही, तर सेशन जुनंच आहे. लॉगआउट करा, त्यानेही नाही झालं तर रीस्टार्ट. नंतर ‘यूलिमिट -आर’ (आर लहान) ला ९५ आणि ‘यूलिमिट -एल’ ला अनलिमिटेड यायला हवं. शून्य आला तर ऑडिओ.कॉन्फच्या नावाला अजून ‘.डिसेबल्ड’ चिकटलेलं आहे का ते बघा. इथे ९५ आलं, मेमरीचा इशारा गेला, २५६वर तडतड थांबली. १२८ अजून पाहायचा आहे.

७७७बद्दल एकदाच लिहितो. ‘सीएचमोड -आर ७७७ /यूएसआर’ केलं की /यूएसआर/बिन/सुडोचा सेटयूआयडी बिट (रूटच्या अधिकाराने चालू देणारी खूण) उडतो, आणि सुडो स्वतःच म्हणतो की माझ्यावर तो बिट असायलाच हवा. सुडो दुरुस्त करायला सुडो चालत नाही. लाइव्ह यूएसबीने डेटा बाहेर काढून नव्याने टाकणं हेच कमी कष्टाचं.

सध्या काम चालू आहे ते सामायिक फोल्डरचं, कारण मंडळातल्या दोघांची खाती वेगळी आहेत. ‘भजन’ नावाचा ग्रुप केला, दोघांना त्यात घातलं, /एसआरव्ही/भजन हे फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून त्यावर २७७० दिलं (मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही). सुरुवातीचा २ असला की आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच ग्रुपची होते. नुसत्या फाइलवर परवानगी देऊन भागत नाही: ऑडॅसिटीची .एयूपी३ हा एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे, आणि प्रोजेक्ट उघडा असताना तिच्या शेजारी तात्पुरत्या फाइलीही लिहिल्या जातात. म्हणून फोल्डरवरही लिहायची परवानगी हवी. जुन्या फाइली होममधून ‘एमव्ही’ने हलवल्या तर त्यांचा जुना ग्रुप तसाच राहतो आणि दुसऱ्याला एरर येतो. हलवल्यावर ‘सीएचजीआरपी -आर भजन’ (ग्रुप बदलणारा आदेश) आणि ‘सीएचमोड -आर जी+आरडब्ल्यूएक्स’ द्या. दोन्हीकडचा आर कॅपिटल. शेवटचा एक्सही कॅपिटल, म्हणजे फोल्डर उघडतात पण .वेव्ह फाइलींवर विनाकारण एक्झिक्यूट बसत नाही. आर्डरची जुनी सेशन अशीच एकेक आत आणणं बाकी आहे.