तिथीची पाऊणपट

दुर्बीण घेतली तेव्हा दुकानदाराने काचेपासून पट्ट्यापर्यंत सगळं समजावलं. समुद्रावरचे पक्षी बघायला आधी पंचांग लागतं, एवढंच सांगायचं राहिलं.

त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी साडेसहाला आंजर्ल्यात, जोग नदी समुद्राला मिळते तिथे, कानटोपी घालून उभा राहिलो. (कोकणात कानटोपी! हसा.) पक्षी बघायचे तर पहाटे, ही माझी जंगलात कमावलेली अक्कल. इथे पाणी पार आत गेलेलं आणि ओल्या वाळूवर लांबवर मोहरी सांडल्यासारखे ठिपके. चिखल्या की तुतवार, देव जाणे. तिसऱ्या (शिंपल्या) काढायला निघालेल्या एका मावशींना माझी दया आली.

"भाऊ, आज पुनव. पाणी अकराला चढेल. तेव्हा या, पाखरं आपणहून जवळ येतील."

हिशेब साधा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. पक्ष्यांचा दिवसही याच घड्याळावर चालतो. पाणी ओसरलं की चिखलातले किडे, बारके खेकडे टिपत पांगायचं. चढलं की उरलेल्या कोरड्या पट्टीवर दाटीवाटीने उभं राहून डुलकी काढायची. सूर्याचा संबंध नाही.

अकराला गेलो तर खरंच सगळे हजर. कुरव, म्हणजे सीगल, वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर. त्यांच्या पायाशी लडाख-तिबेटकडून उतरलेल्या चिखल्या. सँडरलिंग मात्र झोपायला तयार नाही. ओसरत्या लाटेमागे धावायचं, पुढची आली की पळ काढायचा. आर्क्टिकमध्ये जन्मलेला हा मूठभर जीव. धावण्यापुरता घडवलेला, पायाला मागचं बोटसुद्धा नाही. तेवढ्यात रीलसाठी एक पोरगा थव्यात घुसला आणि सगळी सभा उधळली. हजारो किलोमीटर उडून आलेल्याची झोपमोड करायची म्हणजे काय, हे त्याला रात्रीच्या एसटीने आल्यावर कळलं असतं.

कुरवांच्या नावांनी मला बराच काळ छळलं. तपकिरी डोक्याचा, काळ्या डोक्याचा, असं पुस्तक सांगतं; आपल्याकडे हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी, कानामागे काजळाची तीट लावल्यासारखा डाग तेवढा. नावातला रंग चढतो तो विणीच्या हंगामासाठी. आपल्याकडे सहा महिने राहूनही त्यांचं नाव सासरच्या नव्हे, माहेरच्या रूपावरून.

शिमग्याला पुन्हा गेलो. फाल्गुनी पौर्णिमा, म्हणजे सव्वाअकरा. नऊपर्यंत निवांत झोपलो. गावात चाकरमानी उतरत होते, पालखीची गडबड होती. वाळूवर कुरव निम्मेच उरले होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची डोकी चॉकलेटी झाली होती.