सुई स्वतःची, पण पाणी?

"मॅडम, सुई माझी स्वतःचीच होती हो, शपथ." हिपॅटायटिस सीचा (रक्तातून पसरून यकृताला सूज आणणारा व्हायरस) रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्यांकडून मी हे इतक्यांदा ऐकलंय, आणि ते खोटं बोलत नसतात. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसोबत काम सुरू केलं तेव्हा मलाही वाटायचं की सुई शेअर केली नाही म्हणजे सुटलो. मग एकाने टेबलावर बोटाने दाखवलं ते कसे बसतात, मधे चमचा, कापसाचा एक बोळा, बाटलीच्या झाकणात पाणी, आणि चौघांच्या चार वेगळ्या सिरिंज. म्हटलं, झाकणातलं पाणी कोण कोण घेतं? त्याचं बोट तिथेच थांबलं. "सगळेच."

सुई शिरेत गेली का बघायला दट्ट्या मागे ओढतात, रक्त आत येतं, नंतर सिरिंज कितीही रिकामी केली तरी थोडं राहतंच आणि तीच परत त्या पाण्यात बुडते, पाणी मात्र दिसायला स्वच्छच. हा व्हायरस रक्तातून एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो, प्रयोगशाळेत तर सिरिंजमध्ये 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय, त्यामुळे नुसतं पाण्याने खळबळून भागत नाही.

"कळत नाही का यांना" असं कोणी म्हटलं की मला खरंच राग येतो. कळतं हो. पण टर्की लागलेली असते, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, अंग मोडतंय, घाम फुटलाय, उलट्या होतायत, आणि खिशात सिरिंज सापडली तर पोलिस पकडतील ही भीती, अशात समोर जे असेल तेच उचललं जातं. ॲम्स्टरडॅममध्ये 1984 पासून वापरलेल्या सुया घेऊन नव्या देतायत तरी अजून लोक याला नशेला प्रोत्साहन म्हणतात. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही नशेऐवजी द्यायची औषधं मिळाली तर टोचणंच कमी होतं.

आणि हिपॅटायटिस सी बरा होतो! बहुतेकांना 8 ते 12 आठवडे गोळ्या, 95 टक्क्यांहून जास्त लोकांच्या रक्तातून व्हायरस जातो. फक्त परत होऊ शकतो, लस नाहीये (बीची आहे, ती घ्याच), आणि अँटिबॉडी टेस्ट नंतरही पॉझिटिव्हच येत राहते म्हणून व्हायरस रक्तात आत्ता आहे का ते सांगणारी आरएनए टेस्ट करावी लागते.

त्या टेबलवाल्याने कोर्स पूर्ण केला, आरएनए निगेटिव्ह आली. नशा सुटलेली नाही अजून. परवा स्वच्छ सुया-सामानाचं किट घ्यायला आला, स्वतःचं पिशवीत टाकलं, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "अजून तीन द्या, झाकण-कापसासकट."