खळीत मोरचूद

"खळ कशाची करायच्या, एवढं विचार की हिला," आईनं माझं कोपर धरून सांगितलं.

केंटकीच्या डोंगरात, बुचर हॉलरमधल्या एका लाकडी घराच्या आतल्या खोलीत आम्ही दोघी उभ्या होतो. अमेरिकेतली नावाजलेली कंट्री गायिका लोरेटा लिन, तिचं माहेर. घर दाखवणाऱ्या बाई तिच्या नात्यातल्याच होत्या. त्या सांगत होत्या, की हिवाळ्यात फळ्यांच्या फटींतून वारा शिरायचा, म्हणून लोरेटाची आई मासिकांची आणि कॅटलॉगची पानं भिंतींना चिकटवायची. त्यात सिनेमातल्या नट्यांचे फोटो असायचे. लोरेटा यंग या नटीवरूनच मुलीचं नाव ठेवलं. मी हे सगळं आईला मराठीत सांगत होते, पण नटीत तिला रस नव्हता. तिला खळ कशाची ते हवं होतं.

मी विचारलं. बाई म्हणाल्या, पीठ आणि पाणी, चुलीवर आटवलेलं.

"मग उंदीर कुरतडत असतील. आम्ही मोरचूद घालायचो."

मोरचुदाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना. निळा खडा, पाण्यात विरघळतो, विषारी असतो, असं मी हातवारे करून सांगू लागले. बाईंचा चेहरा उजळला. "ब्लूस्टोन!" त्यांच्या आजीच्या घरी म्हणे खळीत लाल मिरचीची पूड घालायचे, उंदरांसाठीच. हे आईला सांगितलं, तर ती मोठ्यानं हसली आणि त्या बाईंचा हात तिनं हातात घेतला. पुढची दहा मिनिटं माझी फारशी गरज कुणालाच उरली नाही.

ही 2017 च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ओहायोतल्या कोलंबसला आली होती. नायगारा झाला, शिकागो झालं. दोन्हीकडे तिचे पाय दुखले आणि गर्दीनं जीव घाबरला. मग एका शनिवारी मी तिला दक्षिणेला घेऊन निघाले. मी रोज ऑफिसला ज्या रूट 23 वरून जाते, तोच रस्ता ओहायो नदी ओलांडून केंटकीत शिरतो. तिथे त्याचं नाव 'कंट्री म्युझिक हायवे'. प्रत्येक काउंटीच्या हद्दीवर तिथल्या गायकांच्या नावाच्या पाट्या आहेत. याच रस्त्यानं केंटकीतली हजारो माणसं काम शोधत उत्तरेला, ओहायो-मिशिगनच्या कारखान्यांत गेली. पाटण खोऱ्यातली माणसं मुंबईला गेली, तशीच.

पेंट्सव्हिलवरून व्हॅन लियरला वळलं की रस्ता बारीक होतो. व्हॅन लियर हे कन्सॉलिडेशन कोल कंपनीनं वसवलेलं गाव. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, आणि त्या दुकानात चालणारी नाणीसुद्धा कंपनीची. पुढे फोनची रेंज गेली. समोरून गाडी आली तर कुठं सरकायचं, या धास्तीनं माझे तळवे ओले झाले होते. आई मात्र काच खाली करून बाहेर बघत होती. दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आलेले, मधून ओढा, ओढ्याला लागून रस्ता. 'हॉलर' म्हणजे 'हॉलो'चा तिथला उच्चार. "ही तर घळ आहे," आई म्हणाली, आणि तेव्हापासून आमच्यात त्या जागेचं नाव घळच पडलं.

वाटेत वेब्स ग्रोसरी लागते. पूर्वी हे खाणकंपनीचं पाच नंबरचं दुकान होतं, नंतर ते लोरेटाच्या भावाकडे आलं. तेव्हा तिथे चौकशी करायची, माणशी पाच डॉलर द्यायचे, मग कुणीतरी बरोबर येऊन घर दाखवायचं. तिकीटखिडकी नव्हती, रांग नव्हती. त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी नव्हतंच. मला पाहुणचार म्हणायचा तर असाच आवडतो. बाईंनी आईला आधी बसायला खुर्ची दिली, मग पाणी विचारलं, आणि मगच लोरेटाबद्दल बोलायला सुरुवात केली.

घर उतारावर आहे. मागची बाजू डोंगराला टेकलेली, पुढची ओसरी खांबांवर उचललेली. आत आठ मुलं आणि आईबाप. लोरेटा दुसरी, 14 एप्रिल 1932 ची. वडील रात्री कोळशाच्या खाणीत आणि दिवसा शेतात. बॅटरीवर चालणारा फिल्को रेडिओ होता. शनिवारी रात्री त्यावर नॅशव्हिलहून 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, आणि सगळं घर त्याच्याभोवती गोळा व्हायचं.

10 जानेवारी 1948 ला तिचं लग्न झालं. तेराव्या वर्षी लग्न झालं, असं ती स्वतः आयुष्यभर सांगत आली. 2012 मध्ये पत्रकारांनी जन्माची कागदपत्रं शोधली तेव्हा कळलं, की ती पंधरा वर्षांची होती. मी हा फरक आईला जरा रंगवून सांगितला. आईचं स्वतःचं लग्न सतराव्या वर्षी झालेलं. ती खोलीभर नजर फिरवत म्हणाली, "तेरा काय नि पंधरा काय. पोरच की गं ती."

मी गप्प बसले. कारण लोरेटाबद्दल मी जे जे वाचलं होतं, त्यात या दोन वर्षांवर पानंच्या पानं खर्ची पडलेली होती.

नवऱ्याबरोबर ती थेट वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टरला गेली, देशाच्या दुसऱ्या टोकाला. जाताना सात महिन्यांची गरोदर. विशीपर्यंत चार मुलं. 1953 मध्ये नवऱ्यानं तिला 17 डॉलरची गिटार आणून दिली, आणि मुलं झोपल्यावर ती आपली आपण वाजवायला शिकली. हाच नवरा दारू प्यायचा, बाहेरख्याली होता, मारायचाही. आणि 1960 मध्ये तिची पहिली रेकॉर्ड निघाल्यावर हाच तिला गाडीत घालून गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर घेऊन गेला. गाडीतच झोपायचं, पावावर भागवायचं आणि प्रत्येक केंद्रावर आत जाऊन 'माझं गाणं लावा' म्हणायचं. गाणं बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी ती ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली.

"बापानं ऐकलं असेल मग रेडिओवर," आई म्हणाली.

नाही. वडील 1959 मध्येच वारले. वय बावन्न, फुप्फुसांत कोळशाची धूळ. पोरीचं एकही गाणं तोवर निघालेलं नव्हतं. आईनं हे ऐकलं आणि ती बाहेर ओसरीवर जाऊन बसली. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. सुट्टीवर गावी आले की रात्रभर खोकायचे, असं ती लहानपणापासून सांगत आली आहे. मी तिच्यामागे लगेच गेले नाही.

परतताना गाडीत तिनं गाणी लावायला सांगितली. 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे खाणकामगाराची पोर, हे गाणं तिला शब्द न कळताही दोनदा हवं होतं. मग मी एकेका गाण्याचा अर्थ सांगू लागले. दारू पिऊन घरी येऊन माझ्या अंगचटीला येऊ नकोस, असं नवऱ्याला बजावणारं गाणं, 1967 मधलं तिचं पहिलं एक नंबरचं. माझ्या नवऱ्याच्या मागे लागलीस तर बघ, असं दुसरीला दमात घेणारं गाणं. आणि 'द पिल'. गर्भनिरोधक गोळीचं गाणं आईला समजावून सांगायचं मला जडच गेलं. दरवर्षी पाळणा हलवून कंटाळलेली बाई नवऱ्याला सांगते, की आता माझ्याकडे गोळी आहे. 1972 मध्ये रेकॉर्ड केलेलं हे गाणं कंपनीनं 1975 पर्यंत दाबून ठेवलं. बाहेर आल्यावर कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावायलाच नकार दिला.

आई बराच वेळ काचेबाहेर बघत राहिली. पोर्ट्समथचा पूल आला तेव्हा म्हणाली, "आम्ही हे दळताना एकमेकींना सांगायचो. हिनं नवऱ्यादेखत सांगितलं."

मी अमेरिकेत आल्यापासून कंट्री संगीत लागलं की रेडिओचं स्टेशन बदलत असे. टोपीवाले पुरुष, ट्रक, बिअर, यापलीकडे त्यात काही नाही, असं माझं पक्कं मत होतं. दहा वर्षं ज्या रस्त्यावरून मी ये-जा केली, त्याच्याच एका टोकाला ही बाई जन्मली होती. 1972 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम कलावंताचा मान मिळवणारी पहिली स्त्री. आणि मी तिचं एक गाणं नीट ऐकलेलं नव्हतं. याचं मला त्या पुलावर फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पुढच्या वर्षी मी एकटी टेनेसीला गेले. नॅशव्हिलचे दोन दिवस ब्रॉडवेवरच्या गर्दीत आणि एका महागड्या, कुबट वासाच्या हॉटेलात गेले. रायमन सभागृहात मात्र दुपारी अर्धा तास नुसती बाकावर बसून होते. 1960 मध्ये ऑप्री इथेच व्हायची. तिसऱ्या दिवशी हरिकेन मिल्सला गेले, लोरेटाच्या शेतावर. तिथे मोठं पांढरं खांबांचं घर आहे, संग्रहालय आहे आणि बुचर हॉलरच्या त्या घराची हुबेहूब प्रतिकृतीही आहे. मी तिचा फोटो काढून आईला पाठवला. काही लिहिलं नाही.

4 ऑक्टोबर 2022 ला लोरेटा तिथेच, नव्वदाव्या वर्षी झोपेत गेली. त्या दिवशी आईनं त्या फोटोवर पाठवलेला जुना आवाज मी फोनमध्ये शोधून पुन्हा ऐकला. मागे कोंबड्यांचा कलकलाट आहे, आणि ती सांगते आहे: "हे ते घर नव्हं गं. त्याच्यामागं डोंगर कुठाय? आणि त्या बाईला माझा निरोप दे, मिरचीपेक्षा मोरचूद बरं. मिरचीचा वास उतरतो."