डुलकीचं वेळापत्रक

नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत डबे संपतात आणि दोनच्या सुमाराला डोळ्यांवर झापड येऊ लागते. खापर फुटतं भातावर. भाताचा वाटा आहे, पण थोडा. दुपारी १ ते ३ या वेळात शरीराचं घड्याळच मंदावतं, मग पोट रिकामं का असेना. रात्रपाळीवाल्याची हीच घसरण पहाटे २ ते ५ला होते आणि ती फार खोल असते.

पेंग येणाऱ्यालाच ती नीट कळत नाही, ही खरी पंचाईत. ‘छे, मी जागाच आहे’ म्हणणारा ड्रायव्हर तीन सेकंद झोपून उठलेला असू शकतो. ताशी ८० च्या वेगात गाडी तेवढ्यात जवळपास ६७ मीटर पुढे जाते. कसारा घाटात एवढ्यात वळण येऊन निघून जातं. म्हणून डुलकी घड्याळ बघून घ्यावी, झोप येण्याची वाट बघू नये.

माप १५ ते २० मिनिटांचं. डोळा लागायला थोडा वेळ जातो, म्हणून गजर २५ मिनिटांचा लावावा. अर्ध्या तासापुढे झोप गाढ होऊ लागते आणि मधेच उठवलं की डोकं जड, हातपाय दुसऱ्याचे. ‘अजून पाचच मिनिटं’ इथे फार महाग पडतात. चारनंतरची डुलकी मात्र रात्रीच्या झोपेतून कापली जाते.

रविवारी मिसळ चापून मुंबईला निघालात, तर थांबायचं घाटाच्या आधी, घोटी किंवा इगतपुरीला. हमरस्त्याच्या कडेला नाही. पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात, सावलीत. इंजिन बंद, हँडब्रेक वर, दारं लॉक, काच दोन बोटं खाली. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नये, विषारी धूर आत साचू शकतो. झोपण्याआधी कपभर कॉफी घ्यावी. तिचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे जाग येते तेव्हाच तीही कामाला लागते. कटिंगमध्ये तेवढा दम नसतो. उठल्यावर तोंड धुवून दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करावेत, मगच चावी फिरवावी. खिडकी उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, तंबाखूचा बार भरणं हे सगळे घटकाभराचे उपाय.

कारखान्यात प्रेस मशीनजवळच्या स्टुलावर पेंगण्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं आधीच मागून घेतलेली बरी. सर्दीची, झोप आणणारी गोळी घेतली असेल तर ते सुपरवायझरला सांगावं.

रात्री सात-आठ तास झोपूनही हे रोज होत असेल, घोरताना श्वास अडकत असेल किंवा खळखळून हसल्यावर गुडघ्यातलं बळ जात असेल, तर डुलकीवर भागवू नये. गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि डॉक्टरांकडे जावं. ते बहुधा आठ प्रश्नांचा एक कागद पुढे करतील. २४ पैकी १० च्या वर गुण आले की पुढची तपासणी. आठवा प्रश्न असा, की रहदारीत गाडी काही मिनिटं थांबली असताना डुलकी लागते का? द्वारका चौकातून रोज जाणाऱ्याने याचं उत्तर जरा विचार करूनच लिहावं.