उलटा जॉइंट

डबा उघडायच्या आधीच वास आला. बुरसलेल्या लोणच्यासारखा आंबूस, थेट नाकात चढणारा. ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की तिच्यातून व्हिनेगरचं ॲसिड सुटतं, आणि ते एका डब्यापुरतं राहत नाही, शेजारच्या डब्यांनाही लागण होते. मी प्राचार्य मॅडमना म्हटलं, हा आधी व्हरांड्यात ठेवू. त्या म्हणाल्या, "ठेवा की. नाहीतरी शनिवारी भंगारवाला येणारच आहे."

सातारा जिल्ह्यातलं एक जुनं अध्यापक विद्यालय. नाव सांगण्यात अर्थ नाही. वर्धापनदिन तोंडावर आला होता, म्हणून कुणाला तरी स्टोअररूममधले 'सिनेमाचे डबे' आठवले. डबे सहा. फिल्म दाखवायच्या मशीनचं भिंग कुणीतरी केव्हाच लांबवलेलं. संस्था कुठलीही असो, पहिलं भिंग जातं, मग मोटर, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. वडील पुसेगावच्या यात्रेत तंबूत मशीन चालवायचे, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. हल्ली माझ्याकडे येतात त्या लग्नाच्या कॅसेटी, पेनड्राइव्हवर घ्यायला. सोळा एमएमचं काम वर्षा-दोन वर्षांतून एकदा. त्यामुळे माझं स्वतःचं मशीन घेऊन मी आनंदानं गेलो, हे कबूल करतो.

वास येत होता ते रीळ अमेरिकन होतं. मॅकग्रॉ-हिलचं, १९४७ सालचं, वर्गात शिस्त कशी राखावी यावरचं. फिल्म पापडासारखी वाकडी झालेली, गेटमधून, म्हणजे भिंगामागच्या फटीतून, जाणं शक्यच नव्हतं. घरी येऊन इंटरनेटवर पाहिली. एकच मास्तर, एकच वर्ग, पण तास दोनदा दाखवलाय. पहिल्यांदा मास्तर टोचून बोलतो आणि वर्ग हातातून जातो. दुसऱ्यांदा तसेच प्रसंग तो हसून घेतो आणि पोरं त्याच्या बाजूनं होतात. शिक्षकांना शिकवण्यासाठी तेव्हा अशा बऱ्याच फिल्म निघाल्या. एडिसननं तर १९१३ मध्येच सांगून टाकलं होतं की दहा वर्षांत शाळेतली पुस्तकं जातील आणि फिल्म येतील. दप्तरांची वजनं बघता त्याचा अंदाज जरा चुकलाच.

चार डब्यांत फक्त गंज आणि झुरळं होती. सहाव्यात मात्र आपल्याकडचं रीळ निघालं. मूकपट, काळा-पांढरा, चारशे फूट.

अशी फिल्म सरळ मशीनवर चढवायची नसते, हे सांगूनही लोकांना पटत नाही. "लावा की, बघू तरी" म्हणतात. जुनी फिल्म आकसते. भोकांमधलं अंतर कमी होतं आणि मशीनचा पंजा भोकात बसायच्या ऐवजी कड फाडत जातो. मी नव्या फिल्मच्या शंभर फ्रेम टेबलावर अंथरतो, शेजारी जुनीच्या शंभर. जुनी एक फ्रेमभर तोकडी पडली की एक टक्का आकसली, मग तिला हात लावायचा नाही. ही अर्ध्या फ्रेमनं तोकडी होती. चालणार होती, जपून.

कडेला कोडॅकची बारीक चिन्हं असतात, त्यावरून फिल्म कुठल्या साली तयार झाली ते कळतं. पण तीच चिन्हं वीस वर्षांनी पुन्हा वापरलेली. म्हणजे १९३८ किंवा १९५८. मध्यावर एक जॉइंट होता, साध्या चिकटपट्टीनं मारलेला. तिचा डिंक वितळून चार-पाच फ्रेम खाऊन गेलेला. ज्यानं कुणी हे केलं त्याला माझ्या वडिलांनी मशीनच्या दहा फुटांत उभं केलं नसतं.

चेहरे ओळखायला मॅडमनी एका निवृत्त गुरुजींना बोलावलं होतं. पंच्याऐंशी उलटलेली, पांढरं धोतर, कानाला यंत्र. पडदे लावले, मशीन सेकंदाला सोळा फ्रेमच्या स्पीडला ठेवलं. पाटी आली: प्रस्तावना. झाडाखाली आणलेला वर्ग, पागोटं घातलेले मास्तर. मग हेतुकथन. गुरुजी म्हणाले, "हर्बार्टची पंचपदी, पाठाच्या पाच पायऱ्या. आमच्या वेळी हे चुकलं की पाठ नापास." जॉइंट गेटमधून खडखडत गेला, मी श्वास धरून होतो. पडद्यावर नुसती मुलं. मास्तरांनी काहीतरी विचारलं असणार, कारण सगळ्या वर्गाचे हात एकदम वर. बहुतेक उजवे, काही डावे.

"बघा!" मॅडम स्टाफला म्हणाल्या. "एक पोरगं बसून नाही. शंभर टक्के!"

कॅमेरा फळ्याकडे वळला. फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा, आणि महाबळेश्वर उजवीकडे, माण-खटाव डावीकडे. वरची अक्षरं आरशात बघावीत तशी. जॉइंट मारणाऱ्यानं पुढचा तुकडा पालथा जोडला होता. साउंडची फिल्म असती तर तिला एकाच कडेला भोकं, चूक तिथल्या तिथे फाटून कळली असती. मूक फिल्मला दोन्ही कडांना भोकं, ती बिचारी पालथीही मुकाट्यानं चालते.

मी मशीन बंद केलं. चिकटपट्टी सोडवली, डिंक पुसला, तुकडा सुलटा करून नीट जोडला. अर्धा तास गेला. स्टाफ चहाला गेला, गुरुजी बसून राहिले.

पुन्हा लावलं. महाबळेश्वर जागेवर आलं. फळ्यावर स्वच्छ वाचता आलं, 'उत्तर सातारा जिल्हा'. १९४९ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले, १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याची सांगली झाली, म्हणजे १९३८ चा प्रश्नच मिटला. पण नकाशाबरोबर हातही पालटले होते. आता बहुतेक डावे.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते आधीच माझ्याकडे बघत होते.

"येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा," ते हळूच म्हणाले. "साहेब तपासणीला यायचे तेव्हाची खूण. इथली आम्हीच शिकवली, आदल्या दिवशी. मी विद्यार्थी-शिक्षक होतो. फिल्म महाग. मुंबईहून आलेला कॅमेरावाला म्हणाला होता, पुन्हा घेणार नाही. पोरगं चुकलं असतं तर काय केलं असतं, सांग बरं तू?"

मला काही सुचलं नाही. अमेरिकन मास्तराला चुकायला एक अख्खा तास दिला होता, एवढंच डोक्यात आलं, ते मी बोललो नाही.

चहाहून परत आलेल्या मॅडमना फरक कळला नाही. मीही दाखवला नाही. वर्धापनदिनाला सुलटी फिल्म मोठ्या पडद्यावर लावली आणि हात वर झाले तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे तरी शिक्षक होते. त्यांना ती खूण माहीत नसेल, हे मला पटत नाही. गुरुजी आले नव्हते. गुडघे दुखतात असा निरोप होता.

डब्यावर चिठ्ठी लावायची असते: लांबी, साल, अवस्था, शेरा. शेऱ्यात मी लिहिलं, "दोन्ही कडांना भोकं. नकाशा बघून बाजू ठरवावी." हातांचं लिहायला घेतलं आणि खोडलं.

मात्र माझ्याकडच्या कॉपीवर मी ती जागा किती वेळा पाहिली असेल. चौतीस मुलं. एकवीस डावे हात, बारा उजवे. उरतो तिसऱ्या ओळीतला एक, टोपी मागे सरकलेली. तो आधी डावा वर करतो. मास्तरांची छडी नकाशावर माहुलीपाशी थांबते, जिथे वेण्णा कृष्णेला मिळते. पोरगं छडीकडे बघतं, डावा खाली घेतं, उजवा वर करतं. मास्तर त्यालाच उठवतात. तो तोंड उघडतो आणि तिथे शॉट तुटतो. गुरुजींना विचारलं, काय म्हणाला असेल? त्यांना तो मुलगाच आठवत नव्हता.

डावा खाली आणि उजवा वर यांच्या मध्ये सात फ्रेम आहेत, अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. त्या सात फ्रेममध्ये सगळ्या वर्गाचे हात वर आहेत आणि त्याचे दोन्ही खाली.