रबर प्लांट आणि पिंपातलं शिळं पाणी

जुळे सोलापुरात आमच्याकडे नळाला पाणी येतं ते कधी चार, कधी पाच दिवसांनी. पाणी आलं की पिंपातलं शिळं पाणी काढून ताजं भरायचं. ते शिळं पाणी फेकणं सासूबाईंच्या जिवावर येतं. "उजनीवरनं आलेलं पाणी गं, मोरीत कसं ओतू?" म्हणत त्या बादलीभर पाणी कुंड्यांना घालतात. तुळस, कढीपत्ता, जास्वंद खूश. हॉलमधल्या रबर प्लांटला मात्र तेच पाणी बाधलं.

तो मी मार्चमध्ये विजापूर रोडवरच्या एका नर्सरीतून आणला होता. तीन फूट उंच, काळपट हिरवी चकचकीत पानं. दिसायला छान म्हणून पश्चिमेच्या खिडकीत ठेवला आणि एप्रिलच्या उन्हानं पानांवर तपकिरी चट्टे उठले. ही चूक माझीच. पूर्वेच्या खिडकीपासून जरा आत सरकवला, चट्टे थांबले.

मे महिन्यात खालचं पान पिवळं पडून गळालं. मग दुसरं, तिसरं. वरची पानं माना टाकून बसलेली. जो येईल तो म्हणे, "ऊन किती आहे, पाणी वाढवा." मीही वाढवलं. सात पानं गेली.

शेवटी कुंडी आडवी करून झाड ओढून काढलं. निघालं ते काळ्या मातीचं ढेकूळ. वरून भेगाळलेलं, आत नुसता चिखल, आणि तुंबलेल्या मोरीसारखा वास. मुळं चिमटीत धरली तर साल मोज्यासारखी निघून हातात आली. सडक्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड तहानेलं दिसत होतं आणि आम्ही आणखी ओतत होतो. पाणी धरून ठेवते म्हणून तर या मातीत मंगळवेढ्याची ज्वारी येते, पण कुंडीत तोच गुण अंगलट येतो.

सडकी मुळं कात्रीनं छाटली, वाळकी फांदीही काढली. फांदी कापताच पांढरा चीक ठिबकायला लागला. वड-पिंपळाच्याच कुळातलं झाड हे. चीक मनगटावर लागला तिथं संध्याकाळपर्यंत खाज. खोबरेल तेलानं चिकटा गेला. पुढच्या वेळी हातमोजे. (टायरचं रबर याचं नाही बरं का, ते केरळातल्या वेगळ्या झाडाचं.) लाल माती, कोकोपीट, जाड वाळू आणि मूठभर गांडूळखत मिसळून खाली भोकं असलेल्या कुंडीत लावलं.

आता बोट दोन पेरं मातीत खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. उन्हाळ्यात साधारण आठवड्यानं, थंडीत त्याहून उशिरा. बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकते. सोलापूरची धूळ पानांवर बसतेच, ती जुन्या टॉवेलच्या ओल्या तुकड्यानं पुसते. हे मूळचं आसाम-मेघालयाकडच्या दमट जंगलातलं झाड. तिकडे याच्याच मुळांचे जिवंत पूल करतात. आमच्या कोरड्या हवेत निदान पुसणं तरी व्हावं.

शिळ्या पाण्यावरून मात्र आठवडाभर धुसफूस झाली. आता त्या पाण्यानं फरशी पुसतो.

दोन महिने झाड जसंच्या तसं. श्रावणात शेंड्याला बोटभर लांब, टोकदार, लालभडक कोंब दिसला. नवं पान आत गुंडाळलेलं असतं, त्यावरचं ते वेष्टण. सासूबाई चष्मा पुसून वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, याला मिरची लागली की काय!"